काट्यामागचा छोटा डबा: सिरियल मशीन इथरनेटवर येतं तेव्हा

हेडफोन लावलेत? छान. आजचा विषय थोडा धुळकट आहे, पण आपल्या आसपासच्या किती गोष्टी त्यावर चालतात हे कळलं की मजा येईल.

साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. उसाने भरलेला ट्रॅक्टर प्लॅटफॉर्मवर चढतो. खाली लोडसेल असतात, केबिनमध्ये एक इंडिकेटर असतो, त्यावर लाल आकडे हलतात आणि स्थिर होतात. तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये जातो, गाडी रिकामी होऊन परत आली की रिकाम्या गाडीचं वजन त्यातून वजा होतं, आणि जे उरतं त्यावर शेतकऱ्याचं बिल निघतं. वर्षभराच्या पिकाचा पैसा त्या एका आकड्यात असतो. आता प्रश्न असा की इंडिकेटरवरचा आकडा ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो कसा?

बहुतेक इंडिकेटरच्या मागे एक नऊ पिनांचं कनेक्टर असतं. आरएस-२३२. हे स्टँडर्ड पहिल्यांदा १९६० साली आलं, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आई-वडिलांपेक्षा जुनं! लॅपटॉपवरून हे पोर्ट कधीच गायब झालं, पण मशीनवरून गेलं नाही. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत जुनी सीएनसी मशीनं यावरून प्रोग्राम घेतात, पॅथॉलॉजी लॅबमधली तपासणीची मशीनं यावरून रिपोर्ट पाठवतात, यूपीएस यावरून बॅटरीची अवस्था सांगतात. कारण सोपं आहे. मशीन वीस-पंचवीस वर्षं टिकतं, आणि चालतंय त्याला हात कोण लावणार?

अडचण अंतराची. आरएस-२३२ ची केबल ढोबळमानाने पंधरा मीटरपर्यंत नीट चालते. त्याचा भाऊ आरएस-४८५ कमी वेगात बाराशे मीटरपर्यंत जातो, पण तो प्रत्येक इंडिकेटरवर असतोच असं नाही. आणि ऑफिसात तर आता सगळीकडे लॅनची केबल आहे. मग मध्ये एक छोटा डबा बसवतात. एका बाजूला सिरियल, दुसऱ्या बाजूला इथरनेट. याला डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. मोक्साचे एनपोर्ट, लँट्रॉनिक्सचे, डिजीचे डबे असतात, आणि बिनानावाचे स्वस्त डबे तर ऑनलाइन ढिगाने मिळतात. साइटवर मात्र त्याला "कन्व्हर्टर" नाहीतर नुसतं "तो डबा" म्हणतात. मी पण डबाच म्हणणार आहे.

या डब्याची डेटाशीट उघडली की एक ओळ हमखास दिसते: सपोर्टेड प्रोटोकॉल्स. आणि पुढे अक्षरांची माळ. एआरपी, आयसीएमपी, टीसीपी, यूडीपी, डीएचसीपी, बूटपी, डीएनएस, टेलनेट, एचटीटीपी, एसएनएमपी, एनटीपी, एसएमटीपी, आरएफसी २२१७. खरेदी करणारा माणूस ती ओळ बघून "व्वा, भरपूर आहेत" म्हणतो आणि पुढे जातो. मला वाटतं, ही ओळ अशी वाचायचीच नसते. यातला प्रत्येक शब्द एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तुमचा प्रश्न कोणता हे माहीत नसेल तर ती लांबलचक यादी काही कामाची नाही.

पहिला प्रश्न: डब्याला पत्ता कोण देणार? डब्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. जुन्या काळी बूटपी होतं, १९८५ चं. १९९३ मध्ये डीएचसीपी आलं आणि आज घरच्या राउटरपासून सगळीकडे तेच आहे. एक गमतीशीर जुनी पद्धतही सांगतो. लँट्रॉनिक्सच्या जुन्या डब्यांत तुम्ही कॉम्प्युटरच्या एआरपी टेबलमध्ये हाताने लिहायचं की या मॅक ॲड्रेसचा आयपी हा आहे, आणि मग त्या आयपीच्या एक नंबर पोर्टवर टेलनेट करायचं. जोडणी लगेच फेल व्हायची, पण डबा तेवढ्यात "अच्छा, हा माझा पत्ता" म्हणून तो आयपी तात्पुरता घेऊन टाकायचा! मग ९९९९ पोर्टवर जाऊन नीट सेटिंग करायचं. जुगाड वाटतो ना? पण तो चक्क मॅन्युअलमध्ये छापलेला होता.

माझं मत विचाराल तर अशा डब्याला पत्ता कायमचा द्यावा, किंवा राउटरमध्ये डीएचसीपीचं रिझर्व्हेशन करावं. मोकळं डीएचसीपी ठेवलं की एक दिवस लाइट जाऊन येते, डब्याला दुसराच आयपी मिळतो, सॉफ्टवेअर जुन्या आयपीवर हाका मारत बसतं आणि काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, आणि आयपी ॲड्रेस ही गोष्ट त्यांना कोण समजावणार?

आता खरा मुद्दा. डेटा कसा जातो?

साधा मार्ग म्हणजे टीसीपी सर्व्हर मोड. डबा एका पोर्टवर कान लावून बसतो, मोक्सात पहिल्या सिरियल पोर्टसाठी साधारण ४००१, लँट्रॉनिक्समध्ये १०००१. तुमचं सॉफ्टवेअर जोडलं जातं, आणि सिरियलकडून आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा तुमच्याकडे येतो. इतकं सोपं आहे की कॉलेजमधला कुणीही दहा ओळींत प्रोग्राम लिहील. आणि तो प्रोग्राम टेबलावर चालतो, साइटवर फसतो. का?

कारण टीसीपी हा बाइट्सचा प्रवाह आहे. त्याला "मेसेज" हा प्रकार माहीतच नाही. इंडिकेटर सेकंदाला कित्येक वेळा वजनाची ओळ पाठवत असतो. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त. म्हणजे अठरा अक्षरांची ओळ यायला जवळजवळ एकोणीस मिलिसेकंद लागतात. नेटवर्कच्या हिशेबात हा फार मोठा काळ आहे. डबा मधेच कधीतरी ठरवतो की जमलंय तेवढं पाठवून देऊ. मग समजा वजन १२,४६० किलो आहे, त्यातला पहिला १ आधीच्या पॅकेटमध्ये गेला आणि उरलेलं २४६० पुढच्या पॅकेटमध्ये आलं. तुमच्या प्रोग्रामने "एकदा वाचलं म्हणजे एक ओळ" असं धरलं असेल तर तो २,४६० किलो नोंदवणार. आणि हा आकडा वेडावाकडा दिसतही नाही! बैलगाडीचं वजन म्हणून सहज खपेल. समोर ट्रॅक्टर आहे का बैलगाडी, हे सॉफ्टवेअरला काय कळणार?

उपाय दोन्ही बाजूंनी आहे. प्रोग्रामने ओळीची खूण येईपर्यंत बाइट जमवत राहायचं, पूर्ण ओळ मिळाली की मगच आकडा काढायचा, लांबी कमी भरली तर ओळ फेकून द्यायची. पुढची ओळ लगेच येणारच आहे. आणि डब्यातही सेटिंग असतं: अमुक अक्षर आलं की पॅकेट पाठव, किंवा इतके मिलिसेकंद शांतता झाली की पाठव. हे सेटिंग करा, पण नुसतं त्याच्यावर विसंबू नका. कारण डब्याने एका पॅकेटमध्ये नीट भरून पाठवलं तरी तुमच्या बाजूला टीसीपी ते दोन तुकड्यांत हातात देऊ शकतो, किंवा दोन ओळी एकत्र चिकटवून देऊ शकतो. तसं वागायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. शिळा डेटा.

नेटवर्क दोन मिनिटं तुटलं समजा. इंडिकेटरला त्याचा पत्ताच नाही, तो बिचारा वजन ओततोच आहे. डब्यात बफर असतो, त्यात ते साठतं. जोडणी परत आली की टीसीपी इमानदारीने आधी साठलेलं पोचवतो, मग ताजं. म्हणजे प्लॅटफॉर्मवर आता दुसरी गाडी उभी आहे आणि स्क्रीनवर पहिलीचं वजन येतंय! ऑपरेटरने त्याच क्षणी सेव्ह दाबलं तर एका शेतकऱ्याच्या उसाचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर. यात कुणी चोरी केलेली नाही, पण ज्याचं गेलं त्याच्यासाठी काटामारीच ती. म्हणून नवी जोडणी झाली की जुना बफर रिकामा कर, हे सेटिंग डब्यात शोधा. बऱ्याच डब्यांत असतं. नसेल तर प्रोग्रामने जोडणी झाल्यावर पहिले काही सेकंद आलेलं सगळं टाकून द्यावं.

इथे कुणी म्हणेल, मग यूडीपी वापरू की. यूडीपीत जोडणी नाही, गेलं ते गेलं, शिळं साठत नाही. आणि सतत वाहणाऱ्या वजनासाठी हा विचार अजिबात चुकीचा नाही. मोठ्या डिस्प्लेवर आकडा दाखवायचाय, एकच वजन तीन कॉम्प्युटरवर हवंय, तर यूडीपी झकास. एखादं पॅकेट हरवलं तर काही बिघडत नाही. पण जिथे मशीन एकदाच बोलतं, म्हणजे बटण दाबल्यावर एक ओळ पाठवून गप्प बसतं, तिथे यूडीपी घेऊ नका. ती एक ओळ हरवली तर कुणाला कळणारही नाही.

आता अर्धमेली जोडणी. कॉम्प्युटरची लाइट गेली. टीसीपीत जोडणी तोडताना निरोप द्यावा लागतो, तो निरोप काही गेला नाही. डब्याला वाटतंय, मालक अजून लाइनवर आहेत. आणि डबा एका वेळी एकाच मालकाशी बोलायचं असं ठरवून बसलेला असेल तर कॉम्प्युटर परत सुरू झाल्यावर त्यालाच डबा "लाइन व्यस्त" म्हणून हाकलतो! यावर औषध म्हणजे कीप-अलाइव्ह. अधूनमधून "आहात का?" विचारायचं. फक्त लक्षात ठेवा, टीसीपीच्या स्टँडर्डप्रमाणे याची डीफॉल्ट वेळ कमीत कमी दोन तास आहे, लिनक्समध्ये ७२०० सेकंद. दोन तास काटा बंद ठेवणार का? डब्याच्या सेटिंगमध्ये ती मिनिटांवर आणता येते.

बरं, हे झालं नव्या सॉफ्टवेअरचं. पण खूप ठिकाणी काट्याचं सॉफ्टवेअर फार वर्षांपूर्वीचं असतं, कुणीतरी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं, सोर्स कोड हरवलेला. त्याला फक्त कॉम-वन माहीत आहे. सॉकेट वगैरे त्याच्या गावीही नाही. त्यासाठी व्हर्च्युअल कॉम पोर्टचा ड्रायव्हर असतो. विंडोजला सांगायचं की हा घे कॉम-वन, आणि मागून गुपचूप नेटवर्कवरून डब्याशी बोलायचं. सॉफ्टवेअर खूश.

पण सिरियल पोर्ट म्हणजे फक्त बाइट नव्हेत. वेग किती, पॅरिटी काय, डीटीआर आणि आरटीएसच्या तारा वर आहेत की खाली, हेही सॉफ्टवेअर सांगत असतं. साध्या टीसीपीत या गोष्टींना जागाच नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये आरएफसी २२१७ आलं ते यासाठी. टेलनेट प्रोटोकॉलमध्ये एक जादा पर्याय घातला, नंबर ४४, आणि त्यातून "बॉड रेट ९६०० कर", "आरटीएस वर घे" असे निरोप डेटाच्या बरोबरीनेच पाठवता येऊ लागले. कंपन्यांच्या स्वतःच्याही खासगी पद्धती असतात, त्यांच्या ड्रायव्हरशिवाय त्या चालत नाहीत. म्हणून यादीत आरएफसी २२१७ दिसलं की मी खूश होतो. उद्या कंपनीने ड्रायव्हर बंद केला तरी लिनक्सवरून, पायथनच्या पायसिरियलमधून एका ओळीत तुम्ही त्या डब्याशी बोलू शकता.

एक खड्डा मात्र आहे. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट खास असतो, "आता आज्ञा येतेय" असं तो सांगतो. त्यामुळे डेटामध्ये खरोखर २५५ आला तर तो दोनदा पाठवावा लागतो. तुम्ही साध्या सॉकेटने टेलनेटच्या पोर्टवर जोडलात, तर वजनाच्या साध्या अक्षरांत काही दिसणार नाही, कारण त्यात २५५ येतच नाही. पण मॉडबससारखा बायनरी डेटा असेल तर मधूनच एक बाइट जास्तीचा येईल आणि सीआरसी चुकेल. असा बग शोधायला आठवडा जातो.

मॉडबसचं नाव निघालंच आहे तर दोन वाक्यं. मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेला हा प्रोटोकॉल आजही वीज मीटरपासून पंपापर्यंत सगळीकडे आहे. सिरियलवर मॉडबस आरटीयू असतो, त्यात साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे मेसेज संपला. ही शांतता नेटवर्कवर टिकत नाही. म्हणून मॉडबस टीसीपी वेगळा आहे, पोर्ट ५०२, पुढे सात बाइटचं हेडर, सीआरसी काढून टाकलेला. नुसता बाइट ढकलणारा डबा आणि हे भाषांतर करणारा गेटवे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानदार दोन्हीला कन्व्हर्टरच म्हणतो. विचारून घ्या.

यादीत उरले ते देखभालीचे. एचटीटीपी म्हणजे सेटिंगचं वेब पान, एसएनएमपी म्हणजे दुरून तब्येत विचारणं, एनटीपी म्हणजे घड्याळ. यांच्यावर फार वेळ घालवत नाही. पण सगळ्यात जास्त धोका इथेच लपलेला असतो.

आपल्या मूळच्या टीसीपी सर्व्हर मोडला पासवर्ड नाही. ज्याला आयपी आणि पोर्ट माहीत, तो जोडला जातो. जुन्या केबलला कुलूप लागत नव्हतं, कारण केबिनला कुलूप होतं. डबा बसवला त्या दिवशी ते कुलूप निघालं, आणि बऱ्याच जणांना ते कळलंच नाही.

२०१३ मध्ये रॅपिड-सेव्हनच्या एच. डी. मूर या संशोधकाने इंटरनेटवर उघडे पडलेले असे सिरियल सर्व्हर शोधले. एक लाख चौदा हजारांहून जास्त आयपी सापडले! बरेचसे मोबाइल डेटावर चालणारे, कारण साइटवर सिमकार्ड घालून दिलं की झालं. २०१५ च्या जानेवारीत त्यानेच पेट्रोल पंपांच्या टाकीत किती इंधन आहे हे मोजणाऱ्या गेजचा शोध घेतला. सुमारे ५,८०० गेज १०००१ पोर्टवर पासवर्डशिवाय उघडे होते, त्यातले ५,३०० च्या वर अमेरिकेतले. १०००१ हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? मघाचाच तो.

आणि त्याच वर्षी, २३ डिसेंबर २०१५ ला, युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी दुरून ब्रेकर उघडले, साधारण सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. पण नंतर त्यांनी जे केलं ते आजच्या भागाशी संबंधित आहे. उपकेंद्रांमधल्या सिरियल-ते-इथरनेट डब्यांचं फर्मवेअरच त्यांनी बिघडवून टाकलं. म्हणजे ऑपरेटरला कळलं, त्याने ब्रेकर परत लावायची आज्ञा दिली, तरी ती पोचणारच नाही. मधला डबाच मेलेला. शेवटी माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि हाताने ब्रेकर लावले. काही तासांत वीज आली. डबे मात्र दुरुस्त होण्यासारखे राहिले नव्हते.

आपल्या काट्याला युक्रेनचे हल्लेखोर नकोतच. कारखान्याच्याच लॅनवरचा एखादा लॅपटॉप पुरे. तो डब्याशी आधी जोडून बसला तर काटा बंद. डब्याच्या वेब पानाचा पासवर्ड कंपनीतून आला तोच ठेवला असेल तर डेटा तिसरीकडेच वळवता येतो. आणि मधे बसून आकडा बदलणंही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण ओळीवर ना सही आहे ना कुलूप. वजनमापे खात्याचा शिक्का काट्याला लागतो, या केबलमधून पुढे काय जातं ते त्या शिक्क्याच्या पलीकडचं आहे.

म्हणून डबा घेताना मी प्रोटोकॉलची संख्या मोजत नाही. टीएलएस आहे का बघतो, टेलनेट आणि एसएनएमपी बंद करता येतात का बघतो, कोणत्या आयपीला जोडू द्यायचं याची यादी देता येते का बघतो. टीएलएसवाला डबा महाग पडत असेल तर निदान काट्याचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा आणि सिमकार्डवरून थेट इंटरनेटवर तर अजिबात टाकू नका. आणि शेतकऱ्याच्या घरचे कुणी ऐकत असाल तर बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पावतीशी ताडून बघा. तो डिस्प्ले बहुतेक वेळा इंडिकेटरवरूनच थेट चालतो, डबा आणि सॉफ्टवेअर त्याच्या वाटेत नसतं. भरलेल्या गाडीचा एक, रिकाम्या गाडीचा एक, दोन फोटो झाले.

आणि तुम्ही हे बसवणारे इंजिनीअर असाल तर एक चाचणी नक्की करा. एक गाडी काट्यावर उभी करा, लॅनची केबल काढा, गाडी बदला, दोन मिनिटांनी केबल लावा, आणि स्क्रीनवर पहिल्यांदा कोणत्या गाडीचं वजन येतं ते बघा. मग कॉम्प्युटरची वायर सरळ उपटा आणि परत सुरू झाल्यावर किती वेळात जोडणी होते ते घड्याळ लावून मोजा. हे गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या. एकदा काट्यासमोर ट्रॅक्टर लागले की तुम्हाला केबलला हात कोण लावू देणार?

चला, भेटू पुढच्या भागात.